स्वस्तातल्या थर्ड पार्टी लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि तुळशीचं लग्न आटोपलं की लग्नसराईच्या तोंडावर मला तेच ते फोन येतात. "अमक्या कंपनीची पन्नास एमएम निम्म्या किमतीत मिळतेय, घेऊ का?" मी मुंबईत लग्नं, बारशी आणि दुकानदारांच्या मालाचे फोटो काढतो. माझ्या बॅगेतल्या सहा लेन्सपैकी चार थर्ड पार्टी आहेत. एक पाचवीही होती, तिची गोष्ट खाली येईलच. दर वेळी फोनवर अर्धा तास तेच बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं.

थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट का?

डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेला माल. थर्ड पार्टी लेन्स उजळ माथ्याने स्वतःच्या नावावर विकली जाते, एवढंच की ती तुमची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बनवणाऱ्या कंपनीची नसते. टॅमरॉन १९५०मध्ये आणि सिग्मा १९६१मध्ये सुरू झाली, आणि दोघी कित्येक वर्षं हेच करताहेत. दोन्ही जपानी. कोरियाची सॅमयांग १९७२ची. विल्ट्रॉक्स, टीटीआर्टिझन, सेव्हनआर्टिझन्स, योंगनुओ, माइके ही चिनी मंडळी मागाहून आली आणि आज 'बजेट' म्हटलं की लोकांना यांचीच नावं आठवतात. 'डुप्लिकेट' हा शब्द चिकटला तो बहुधा योंगनुओच्या ५० एमएम एफ/१.८मुळे (एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो). ती कॅननच्या जुन्या प्लास्टिकवाल्या पन्नासची जुळी बहीणच वाटायची. पण त्या एका लेन्सवरून सगळ्या गावाला नाव ठेवू नका.

यूट्यूबवर सगळे 'एकदम भारी' म्हणतात. मग तपासायचं काय राहिलं?

तुमचा नग तपासायचा राहिला. लेन्सचं डिझाइन कसं आहे ते यूट्यूबवाल्याकडून कळतं. तुमच्या खोक्यातून निघालेली लेन्स त्या डिझाइनबरहुकूम जुळवलेली आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार?

एका लादीतले पावसुद्धा कडेचे वेगळे भाजतात. लेन्समध्ये आठ-दहा काचा एकामागे एक बसवलेल्या असतात. त्यातली एखादी केसभर सरकली किंवा तिरकी बसली, की फोटोची एक बाजू मऊ पडते. याला डिसेंटर होणं म्हणतात. अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या भाड्याने लेन्स देणाऱ्या कंपनीच्या रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग यंत्रावर मोजून आकडे जाहीर केले होते. महागड्या लेन्समध्येही नगागणिक फरक दिसला. स्वस्त लेन्समध्ये तो फरक जास्त असण्याची भीती अशासाठी, की काचा जुळवायला आणि प्रत्येक नग तपासायला माणूस आणि वेळ लागतो, आणि किंमत कमी करायची तर कात्री तिथेच चालते. सिग्माने २०१२मध्ये आर्ट, कंटेम्पररी, स्पोर्ट्स अशी नवी विभागणी केली, तेव्हा प्रत्येक नग कारखान्यात ए१ नावाच्या यंत्रावर तपासूनच बाहेर पडतो असं सांगितलं होतं. हे वेगळं सांगावं लागलं, यातच काय ते समजा.

दुकानात लेन्स हातात आली. पहिल्या पाच मिनिटांत काय बघू?

फोर्टात बोरा बझारच्या बाजूला गेलात तर स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन जा. दुकानदाराच्या बॉडीवर काढलेला फोटो त्याच्या स्क्रीनवर बघून काही कळत नाही.

आधी मागचा माउंट, म्हणजे बॉडीला बसणारी कडी, बघा. स्क्रूच्या खाचा कोऱ्या हव्यात. ओरखडे असतील तर आधी कुणीतरी लेन्स उघडली आहे, मग दुकानदार कितीही 'पॅक पीस' म्हणो. लेन्स बॉडीला लावून हलवा. गोल फिरताना किंचित खेळ असला तर चालतो, वर-खाली डुलली तर नको. फोकस रिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच घट्ट, मध्येच सैल लागली तर आत ग्रीस नीट पसरलेलं नाही. अ‍ॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या भोकाची) पाती मिटून बघा: कोरडी हवीत, तेलाची चकाकी नको.

लेन्स हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली म्हणून घाबरू नका. स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) किंवा लिनियर मोटर असलेल्या कित्येक लेन्स वीज नसताना वाजतात. आणि आत धुळीचे दोन कण दिसले म्हणून तर अजिबात भांडू नका, फोटोत ते येत नाहीत.

लेन्स डिसेंटर आहे का, हे घरी कसं कळेल?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण स्वस्त लेन्सच्या तपासणीतलं निम्मं काम हेच आहे.

बहुतेक जण भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून समोरून फोटो काढतात. कल्पना बरी आहे, पण कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसेल तर एक बाजू मऊ येणारच, आणि तुम्ही चांगल्या लेन्सला शिव्या घालत बसाल. हे टाळायला पानाच्या बरोबर मध्यावर एक छोटा आरसा भिंतीला सपाट टेकवून लावा. कॅमेऱ्यातून बघितल्यावर आरशात लेन्सचं स्वतःचं तोंड फ्रेमच्या बरोबर मधोमध दिसलं, की कॅमेरा सरळ आहे. मग आरसा काढा आणि फोटो घ्या.

मला मात्र दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते. गच्चीवर जा. समोर शंभर-दीडशे मीटरवर एखादा टॉवर असेलच, ही मुंबई आहे. त्यातली एक खिडकी निवडा, शक्यतो ग्रिलवाली, वर डिशची छत्री असेल तर सोन्याहून पिवळं. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. आता ती खिडकी फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा, तिच्यावरच फोकस करा, फोटो घ्या. मग तीच खिडकी वरच्या उजव्या कोपऱ्यात, मग खाली डावीकडे, खाली उजवीकडे. प्रत्येक वेळी फोकस नव्याने. शेवटी एकदा मध्यभागी.

घरी येऊन चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून शेजारी शेजारी लावा. मध्यापेक्षा कोपरे मऊ असणं हा लेन्सचा स्वभाव असतो. पण तीन कोपऱ्यांत ग्रिलचे गज मोजता येतात आणि चौथ्यात त्यांची खीर झालेली दिसते, तर तो तुमच्या नगाचा दोष. फोकस प्रत्येक कोपऱ्यात वेगळा घेतल्यामुळे फोकसचं प्रतल, म्हणजे जिथे सगळं धारदार येतं ती पातळी, वाकडं असण्याचा प्रश्नही उरत नाही. झूम लेन्स असेल तर हे दोन्ही टोकांना आणि मध्ये एकदा करावं लागतं, कंटाळा आला तरी.

हे सकाळी करा. भर दुपारी पत्र्यांवरून हवा थरथरते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुरक्यात लाखाची लेन्ससुद्धा मऊ दिसते. पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ मिळाली तर सोडू नका.

ट्रायपॉड नसेल तर संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कॅमेरा टेकवून ठेवा आणि राणीच्या हाराचे दिवे फ्रेमच्या कोपऱ्यात येतील असे फोटो घ्या. उघड्या अ‍ॅपर्चरला कोपऱ्यातले दिवे पंख फुटल्यासारखे दिसतील. त्याला कोमा म्हणतात, आणि स्वस्त, जलद (एफचा आकडा लहान असलेल्या) लेन्समध्ये तो असतोच. बघायचं ते हे, की डाव्या कोपऱ्यातलं पाखरू आणि उजव्या कोपऱ्यातलं पाखरू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं वाटतात का. एकीकडे चिमणी आणि दुसरीकडे घार असेल, तर काच तिरकी बसली आहे.

एवढं कशाला? किरकोळ मऊपणा फोटोत कुणाला दिसतो?

आता ती पाचवी लेन्स. ३५ एमएम, मॅन्युअल फोकस, ऑनलाइन मागवलेली. मधला भाग इतका सुरेख की मी प्रेमातच पडलो. आठ महिने वापरली. ग्रुप फोटोत उजवीकडची माणसं जरा धूसर यायची तेव्हा वाटायचं, आपलाच फोकस चुकतोय, हात हलतोय. मग पार्ल्यातल्या एका हळदीत वीस जणांचा फोटो काढला. डावीकडच्या काकांच्या शर्टाचा कॉलर मोजून घ्यावा असा, आणि उजव्या टोकाच्या तीन मावश्या आंघोळीच्या वाफेतून बघितल्यासारख्या. त्यातली एक वरमाय. दुसऱ्या दिवशी गच्चीवर खिडकीची चाचणी केली, वीस मिनिटांत निकाल लागला. परत करायची मुदत दहा दिवसांची होती, तीही आठ महिन्यांपूर्वीच संपलेली. विक्रेत्याने फोन उचलला, नम्रपणे बोलला आणि काही केलं नाही.

तेव्हापासून मी लेन्स शुक्रवारी-शनिवारी हातात येईल अशी मागवतो. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घेतो, रविवारी गच्ची गाठतो. परत घेण्याची अट नसेल तर पाचशे रुपये वाचतात म्हणून तिथून घेत नाही.

फक्त एकट्या माणसाचे पोर्ट्रेट काढणाऱ्याला मात्र मी एवढा त्रास घ्यायला सांगत नाही. त्याचे कोपरे तसेही धूसरच असतात.

एफ/१.२ आणि तेही इतक्या स्वस्तात? खरं असतं का?

'नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा' असा प्रकार क्वचित होतो, पण तपासणं सोपं आहे. एमएमला एफच्या आकड्याने भागा. ५० एमएम एफ/१.२ असेल तर साधारण ४२ मिलिमीटर, ३५ एमएम एफ/१.४ असेल तर २५ मिलिमीटर. लेन्स हातभर लांब धरून समोरून बघितल्यावर आतलं उघडं भोक एवढं दिसायला हवं. पुढची काचच त्याहून लहान असेल तर पुढे बोलायलाच नको.

आकडा खरा असला तरी त्या अ‍ॅपर्चरला फोटो कसा येतो हा वेगळा मुद्दा. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक स्वस्त जलद लेन्स पूर्ण उघड्यावर दुधाळ असतात. म्हणजे तपशील असतो, पण त्यावर साय धरल्यासारखी दिसते. एफ/२ किंवा २.८ला तीच लेन्स कात टाकते. म्हणून विकत घेताना स्वतःला विचारा की एफ/१.२वर तुम्ही खरंच किती फोटो काढणार. उत्तर 'फारसे नाही' असेल तर त्याच कंपनीची एफ/१.८ किंवा एफ/२ लेन्स हलकी, स्वस्त आणि बहुधा जास्त एकसारखी मिळेल.

जांभळ्या-हिरव्या कडा येतात. दोष आहे का?

दोष म्हणण्यापेक्षा स्वस्ताईचा शिक्का. घरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे खिडकीच्या उजेडात तिरके एका ओळीत ठेवा, मधल्या डब्यावर फोकस करा आणि अ‍ॅपर्चर उघडं ठेवून फोटो घ्या. पुढच्या डब्यांच्या चकाकत्या कडा जांभळट आणि मागच्यांच्या हिरवट दिसतील. अ‍ॅपर्चर दोन पायऱ्या मिटलं की हा रंग बराच ओसरतो. दागिन्यांचे किंवा भांड्यांचे फोटो काढणाऱ्यांनी ही चाचणी चुकवू नये, कारण हा रंग सॉफ्टवेअरने पुरता जात नाही. फोटोच्या फक्त कोपऱ्यात दिसणारी लाल-निळी किनार वेगळी, ती सॉफ्टवेअरमधल्या एका टिकमार्कने निघते.

आरतीच्या फोटोत हिरवे ठिपके का येतात?

काचांवरचं कोटिंग साधं असलं की दिव्याचा उजेड आतल्या आत आपटतो. रात्री घरातले दिवे घालवून समई लावा आणि ज्योत फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून फोटो काढा. बहुतेक वेळा मध्यबिंदूच्या पलीकडे, खालच्या उजव्या कोपऱ्यात ज्योतीचं पुसट भूत दिसेल. मग समई थोडी थोडी सरकवत बघा, भूत कुठे गडद होतं आणि कुठे नाहीसं होतं. लेन्स बदलायची नसेल तर निदान कुठल्या कोनातून निरांजनाचं ताट घ्यायचं नाही, एवढं तरी पाठ होतं. अशा कामासाठी माझ्याकडे बॉडीच्याच कंपनीची एक पन्नास आहे, तीच काढतो. इथे स्वस्त लेन्सने मला अनेकदा तोंडघशी पाडलंय.

ऑटोफोकस कसा तपासू?

घरात ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाचे वीस फोटो घ्या, प्रत्येक फोटोआधी लेन्स हाताने पूर्ण फोकसबाहेर नेऊन. किती डोळे धारदार आले ते मोजा. सतरा-अठरा आले तर चांगली, बाराच्या खाली गेले तर लग्नाला नेऊ नका. हा माझा ठोकताळा आहे, कुठे छापलेला नाही. मग कुणाला तरी तुमच्या दिशेने चालत यायला सांगा.

डीएसएलआरवर सगळे फोटो सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे फोकस होत असतील, तर बऱ्याच बॉडींतल्या मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटने जुळवता येतं. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस सेन्सरवरच ठरतो, म्हणून ही भानगड जवळजवळ नाही.

काही मर्यादा लेन्सच्या हातात नसतात. सोनीच्या ए९, ए१ अशा बॉडीवर थर्ड पार्टी लेन्सने सलग शूटिंगला सेकंदाला १५ फ्रेमची वेस आहे. सोनीचे टेलिकन्व्हर्टरही (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून लांबचं जवळ आणणारी भिंगं) या लेन्सना लागत नाहीत. शिवाजी पार्कात क्रिकेट काढणाऱ्याला १५ पुरतात, हेही खरं.

लेन्स लावली पण कॅमेरा फोटोच घेत नाही!

लेन्स ठीक आहे. बऱ्याच मॅन्युअल लेन्सना विजेचे संपर्क नसतात, म्हणून बॉडीला वाटतं की पुढे काहीच नाही. मेनूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो सुरू करा.

कॅननच्या आरएफ माउंटसाठी पर्याय इतके कमी का?

माउंट कुणाच्या मालकीचा, यावर सगळं अवलंबून असतं. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११मध्ये इतर कंपन्यांना खुली केली, म्हणून त्या माउंटला आज पर्यायांची रेलचेल आहे. कॅननने २०१८मध्ये मिररलेससाठी आणलेला आरएफ माउंट मुठीत धरला. २०२२मध्ये विल्ट्रॉक्सने ऑटोफोकसवाल्या आरएफ लेन्स विकणं थांबवलं. २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाला, तोही एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉडींसाठीच्या लेन्सपुरता. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरने लावणं हा कमी पैशातला रस्ता अजून खुला आहे, आणि तो वाईट नाही.

बिनपरवान्याच्या लेन्सची एक मेख लक्षात ठेवा. त्यांनी बॉडीची भाषा बाहेरून ऐकून शिकलेली असते. बॉडीचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) बदललं की एखादा शब्द कळेनासा होऊ शकतो. म्हणून लेन्सला स्वतःचं फर्मवेअर बदलायची सोय आहे का ते बघा. विल्ट्रॉक्सच्या बऱ्याच लेन्सना माउंटवरच यूएसबी-सीचं छिद्र असतं. आणि ऐन लग्नसराईत बॉडी अपडेट करू नका.

एमटीएफचा आलेख बघून ठरवू का?

लेन्स मध्यापासून कडेपर्यंत किती धारदार आहे ते हा आलेख दाखवतो. दोन लेन्सची ढोबळ तुलना करायला ठीक. पण कंपन्यांचे बरेच आलेख डिझाइनच्या गणितावरून काढलेले असतात, बनलेल्या नगावरून मोजलेले नसतात. तुमच्या नगाबद्दल ते मुके.

सेकंडहँड घ्यावी का? चोर बाजारात स्वस्त मिळते म्हणतात.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या मॅन्युअल लेन्स मिळतात, आणि हौस म्हणून चक्कर मारायला मजाही येते. घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळिष्टकासारखे किंवा मुळांसारखे फुटवे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखी वाफ धरल्यासारखी दिसली तर आतल्या तेलाचा थर. काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग असतील तर दोन चिकटवलेल्या काचा सुटू लागल्यात, ती लेन्स खाली ठेवा आणि पुढे चला. पुढच्या काचेवरचा एखादा चरा मात्र दिसायलाच भयंकर असतो. तो दाखवून भाव पाडा.

मुंबईत बुरशी लागतेच का?

लागू दिली तर लागते. पावसाळ्यात इथली आर्द्रता ऐंशीच्या वरच असते, आणि बुरशीला पासष्ट-सत्तरसुद्धा पुरते. वर ती काचेवर नुसती बसत नाही, तिच्यातून सुटणारं आम्ल कोटिंग खातं. नंतर साफ केली तरी तिच्या पाऊलखुणा राहतात.

विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट परवडली तर उत्तम, आत चाळीस ते पन्नास टक्के ठेवा. नाहीतर स्वयंपाकघरातला रबरी झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परता, पुन्हा कामाला येतं. तांदूळ वापरू नका, त्याचा कोंडा लेन्सच्या रिंगमध्ये जातो. लेन्ससोबत आलेली चामड्याची देखणी पिशवी कपाटात लेन्ससकट ठेवलीत तर ती ओल धरून बसते. एसी हॉलमधून बाहेर पाऊस बघायला जाताना बॅग अर्धा तास बंदच ठेवा, थंड काचेवर दव साचतं. सगळ्यात सोपं म्हणजे लेन्स वापरात ठेवणं. जुलैत कपाटात झोपलेल्या लेन्सला बुरशी आधी शोधते.

बिलाशिवाय घेतली तर दोन-तीन हजार कमी सांगतात.

ग्रे माल, म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून आलेला, लेन्स म्हणून तोच असू शकतो. जातं ते भारतातलं वॉरंटीचं आश्वासन, आणि बदलून मागायचा हक्क. महागड्या लेन्सच्या दुरुस्तीत तरी अर्थ असतो. स्वस्त लेन्स उघडून काचा जुळवून देणारा कारागीर सापडला, तरी त्याची मजुरी लेन्सच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणजे स्वस्त लेन्सला बिलाची गरज उलट जास्त. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी दुकानातच ताडून बघा.

कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आहे. पहिली स्वस्त लेन्स कुठली घेऊ?

एपीएस-सी बॉडी असेल तर ३५ एमएमच्या आसपासची, एफ/१.८ किंवा एफ/२, ऑटोफोकसवाली. घरात, गाडीत, मंडपात तीच चालते. मॅन्युअल फोकसची मजा दुसऱ्या लेन्सला ठेवा. धावत्या पोराच्या मागे रिंग फिरवत बसलात तर चार दिवसांत लेन्स ओएलएक्सवर दिसेल.

सगळ्या चाचण्या केल्या, तरी फोटो धूसरच येतात.

पुढे दीडशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावलाय का? काढा, आणि पुन्हा गच्चीवर जा.